पाठभेद की कथनभेद?

एका लेखात ‘चार शुभवर्तमानांतील पाठभेद’ असं वाचलं आणि अडखळलो. पाठभेद म्हटलं की मला ज्ञानेश्वरीच्या पोथ्या आठवतात. मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही शुभवर्तमानं (गॉस्पेल) तर येशूचं चरित्र सांगणारे चार वेगळे ग्रंथ. इथे हा शब्द चालतो का? नसेल तर दुसरा कोणता?

— नाही चालणार. पाठ एकाच ग्रंथाचा असतो. नक्कल करताना हात चुकला, कुणी दोन ओळी घुसडल्या, की पाठभेद. तसे शुभवर्तमानांतही आहेत. व्हॅटिकन आणि सिनाई या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत मार्कचा सोळावा अध्याय आठव्या वचनालाच थांबतो: बायका येशूच्या रिकाम्या कबरेपासून पळतात, भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत, संपलं. पुढची 9 ते 20 ही वचनं इतर प्रतींत येतात. हा अस्सल पाठभेद.

पण त्याच कबरेत मार्कला पांढऱ्या झग्यातला एक तरुण दिसतो आणि लूकला लखलखीत कपड्यांतले दोन पुरुष. मार्क तीन बायकांची नावं देतो, योहान एकट्या मग्दालीया मरीयेचं. यात नकलाकाराचा काय दोष? ज्याने त्याने तसं सांगितलंय. मी ‘कथनभेद’ म्हणेन.

— कथनभेद चांगला शब्द आहे. येशूच्या वधस्तंभावर लावलेल्या पाटीला तर चपखल बसतो. मार्क: ‘यहूद्यांचा राजा’. लूक: ‘हा यहूद्यांचा राजा आहे’. मत्तय त्यात येशूचं नाव घालतो, योहान ‘नासरेथकर’ही. जेमतेम चार शब्दांची पाटी, तीही चौघांची चार तऱ्हांची! योहान म्हणतो लेख हिब्रू, लॅटिन आणि ग्रीकमध्ये होता, म्हणून फरक भाषांमुळे पडला असं काहीजण सुचवतात. मला ती ओढाताण वाटते.

— सगळंच कथनभेदात ढकलू नका हो. मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथवण्याचा प्रसंग योहान दुसऱ्याच अध्यायात सांगतो, बाकीचे तिघे शेवटच्या आठवड्यात. लूकने सांगितलेल्या येशूच्या जन्मकथेत सिरियाचा रोमन सुभेदार क्विरिनिय याची शिरगणती आहे, ती इ.स. 6 ची, मत्तयच्या कथेत हेरोद राजा जिवंत आहे, आणि तो बहुतेकांच्या मते इ.स.पूर्व 4 मध्ये वारला. याला ‘विसंगती’च म्हणायचं. शब्द मवाळ केला म्हणून वर्षं जुळत नाहीत.

— मान्य. पण थोडा गोंधळ आपल्या ‘कृत’नेही केलाय. आपण ‘मार्ककृत शुभवर्तमान’ म्हणतो, म्हणजे मार्कने रचलेलं. जुन्या ग्रीक प्रतींवर नुसतं ‘काता मार्कोन’ असतं: मार्कप्रमाणे, मार्क सांगतो तसं. शुभवर्तमान एकच, सांगणारे चार, असा त्याचा रोख. ‘मार्कनुसार’ छापलं असतं तर मूळ प्रश्नच वेगळा पडला असता.

— ‘सांगणारे चार’ काहींना नकोच होते. तातियन या ख्रिस्ती लेखकाने इ.स. 170 च्या सुमारास चारही कथा एकात ओवल्या; ग्रंथाचं नाव दियातेसारोन, ‘चारांमधून’. सिरियातल्या चर्चमध्ये तेच बराच काळ वाचत. (आपल्याकडे फादर स्टीफन्सच्या 1616 च्या ख्रिस्तपुराणातही येशूचं चरित्र असंच सलग येतं.) पुढे तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या सुरियानी भाषेत दोन नावं पडली: तातियनचं ते ‘मिसळलेलं’, आणि चार वेगळी ठेवलेली ती ‘सुटी’. पारिभाषिक शब्द हवाच असेल तर मी ‘सुटी शुभवर्तमानं’ उचलीन, अगदी भाजीबाजारातला वाटला तरी.