निवासी संस्था आणि रिमांड होम एक नव्हे

सोळा वर्षांचा मुलगा घरातले पैसे उचलतो, शाळा बुडवतो, म्हणून त्याला निवासी संस्थेत ठेवावं का, असा प्रश्न आहे; त्यावर ‘रिमांड होममध्ये पोरं आणखी बिघडतात’ असं उत्तर आलंय. पण रिमांड होममध्ये, म्हणजे निरीक्षणगृहात, बाल न्याय मंडळ (अल्पवयीनांची प्रकरणं चालवणारं) पाठवतं, तेही गुन्ह्याचा आरोप असेल तर. पालकांच्या मर्जीने तिथे प्रवेश मिळत नाही. आणि २०१५ चा बाल न्याय कायदाच सांगतो की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय.

चांगल्या संस्थेत नेमकं काय होतं? जुनी संगत तुटते, झोपेजेवणाच्या वेळा लागतात, आणि रोजच्या भांडणांनी न थकलेलं एक मोठं माणूस मुलाचं ऐकून घेतं. माझ्या मते हे तिसरं सगळ्यात मोलाचं. पण समुपदेशन फक्त मुलाचं होत असेल तर उपयोग थोडा. घरी परतल्यावर बाप तसाच ओरडणार असेल तर पोरगं महिनाभरात पुन्हा जुन्याच वाटेवर!

मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल करायचं असेल तर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा लागतो: अल्पवयीनाला प्रौढांपासून वेगळं ठेवणं बंधनकारक, आणि पालकाने किंवा त्यांनी नेमलेल्या परिचारकाने पूर्ण काळ सोबत राहायचं.

‘मिलिटरी शिस्तीत सरळ करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांबच राहा. मानसोपचारतज्ज्ञ कोण, मुलाला एकट्याला भेटता येईल का, मारहाणीबद्दल धोरण काय, एवढं आधी विचारा. भेटीला टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा.