अनुभव धागा : सेबू. क्रॉस, किल्ला, जुनी घरं, जे आठवेल ते

ओसरीवरून

काल लेकीची खोली आवरत होते. ती आता इंटर्नशिपला नागपूरला, पण खोलीत पसारा तिचाच. जुन्या सॅकच्या आतल्या कप्प्यात एक बारीक लाल मेणबत्ती निघाली, उकाड्याने वाकून पार काकडीसारखी झालेली. हातात घेतली आणि तिथेच पलंगावर बसले, आवराआवरी राहिली ती राहिलीच.

लेक डॉक्टरकीला फिलिपिन्समध्ये सेबूला होती. (मनिला नव्हे हो, सगळे तेच विचारतात. सेबू वेगळं बेट.) 2019 च्या जानेवारीत आम्ही दोघं गेलो तिला भेटायला. तिची परीक्षा तोंडावर, त्यामुळे ती अर्धा दिवस बरोबर आणि अर्धा दिवस आम्ही असेच भटकत.

मॅगेलनचा (स्पेनकडून आलेला तो दर्यावर्दी) क्रॉस असतो ती अष्टकोनी घुमटी अगदी भर शहरात, सांतो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या, चर्चजवळ. क्रॉस 1521 चा. लोक औषधी म्हणून त्याच्या ढलप्या काढून न्यायला लागले म्हणून टिंडालोच्या लाकडाचं कवच चढवलंय, खरा क्रॉस म्हणे आत. बाहेर मेणबत्त्यांच्या जुड्या घेतलेल्या बायका. एकीने "आते, आते" करत मला गाठलं. मला वाटलं आत्या म्हणतेय, मी खूश! (आते म्हणजे ताई, हे लेकीने नंतर सांगितलं.) कोणासाठी पाहिजे, नावं सांग म्हणाली. लेकीची परीक्षा, ह्यांचं बीपी, सासूबाईंचा गुडघा, सगळं सांगितलं. तर ती मेणबत्त्या हातात धरून नाचायला लागली. दोन पावलं पुढे, एक मागे, ओठांत पुटपुटत. पावलीच की! आणि मध्येच तिच्या तोंडून "इंदूमाती" ऐकू आलं. त्या बाईने माझ्या सासूबाईंचं नाव नीट लक्षात ठेवलं होतं. भर उन्हात रडू आलं मला, का ते विचारू नका.

मग फोर्ट सान पेद्रो. आमचे हे भूमापन खात्यातून रिटायर. तिकडे पाटीवर क्षेत्रफळ 2025 चौरस मीटर वाचलं आणि हसायलाच लागले, "अगं वीस गुंठे! वीस गुंठ्यांत किल्ला!" तीन कोपरे, तीन बुरूज, मध्ये हिरवळ. पाच मिनिटांत तटावरून फेरी पूर्ण. पण तटाच्या दगडावर हात ठेवून उभे राहिले बराच वेळ. हा प्रवाळाचा दगड, आपला काळा नव्हे म्हणाले.

तुम्ही कोणी गेला असाल तर लिहा, कसंही लिहा.

दर्या_मालवणचा

ताई बरं केलंत धागा काढून. 19 वर्षं जहाजावर काढली, अर्धा क्रू कायम फिलिपिनो, त्यातला आमचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) सेबूचा, त्याच्याकडे दोनदा राहिलोय. तो मला मॅक्टनला घेऊन गेला, पूल ओलांडून, विमानतळ पण तिकडेच. तिथे लापुलापुचा, मॅक्टनच्या तेव्हाच्या सरदाराचा, मोठा ब्राँझचा पुतळा. 27 एप्रिल 1521 ला त्याच्या लोकांनी मॅगेलनला उथळ पाण्यात गाठून मारला, ओहोटी होती, गलबतं लांब राहिली, तोफा पोचल्या नाहीत. हे आम्हा कोकणातल्याला लगेच समजतं, ओहोटीला खडपात उतरून लढाई म्हणजे मरणच.

मजा पुढे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे एक पाटी होती दोन्ही बाजूंनी लिहिलेली. एका बाजूला मॅगेलन इथे मेला, पण त्याचं व्हिक्टोरिया जहाज 1522 ला स्पेनला पोचलं आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली वगैरे. ती 1941 ची. उलट बाजूला 1951 ची, लापुलापुने आक्रमण परतवलं. एकच लढाई, फक्त वळसा घालून जायचं. बोसन म्हणाला, शाळेत आम्हाला दोन्ही पाठ करायला लावायचे.

आणि लापुलापु हे तिकडे माशाचं पण नाव, आमच्याकडचा गोब्रा. वीराला तळून खायचं म्हणजे कसंतरी वाटलं पण खाल्ला.

उगाच_एक

वीराला तळून 😂😂 दर्याकाका

गोंयची_वयनी

मी गेले ती फक्त कासा गोरोर्दो बघायला. पारियान भागात, 1800 च्या मध्यावरचं घर, सेबूचा पहिला फिलिपिनो बिशप ह्याच घराण्यातला. वरच्या मजल्यावर गेले आणि जिन्यातच थांबले कारण खिडक्या! काचा नाहीत, शिंपल्याचे चौकोन, लाकडी चौकटीत एकेक बसवलेले. माझ्या आजोळी साळगावला अशाच आहेत (होत्या, मामाने काढून ॲल्युमिनियमचं स्लायडिंग बसवलं, बोलणंच नको). उजेड आत येतो तो दुधासारखा, भर दुपारी सुद्धा डोळ्यांना लागत नाही. तिथल्या मुलीला म्हटलं आमच्याकडे पण असतात, तिचा विश्वास बसेना, मग फोनमधला जुना लग्नाचा फोटो शोधला ज्यात मागे खिडकी दिसते. तिला नवरी कोण ह्यातच जास्त इंटरेस्ट. खाली सिक्वाते मिळालं, कोकोच्या गोळ्या पाण्यात घुसळून केलेलं दाट चॉकलेट, ते लाकडी रवीनेच घुसळतात. रवी बघून पण मी हट्टाने फोटो काढला.

वरणभात_फॅनक्लब

शाकाहारी माणसाने काय खायचं तिकडे? बायको शुद्ध शाकाहारी आहे, मी नाही 🙈

झिपरी_डॉक्टर

@वरणभात पुसो. माडाच्या पातीच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात, फाट्यावर लटकवलेल्या असतात, सोबत आंबा आणि घरून नेलेलं लोणचं. मी पाच वर्षं काढली अशीच. चिकू पण मिळतो आणि त्याला चिकोच म्हणतात, पहिल्या दिवशी बाजारात तेवढा एकच शब्द कळला होता मला.

काकू मी तुमच्या लेकीच्या बहुतेक एक बॅच मागे. सिनुलोगला (सांतो निन्योचा उत्सव) परीक्षेत पास होण्यासाठी आमची अख्खी मराठी गँग मेणबत्त्या घेऊन, त्यात दोघी तर संकष्टी करणाऱ्या. सिनुलोग जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असतो, तेव्हा जीपनीला (तिकडची जीपसारखी छोटी बस) लटकायलाही जागा नसते. उतरायचं असलं की "लुगार लांग!" ओरडायचं, मी पहिला आठवडा लाजून दोन स्टॉप पुढे उतरायचे.

म्युझियम म्हणाल तर म्युझिओ सुगबो. 2004 पर्यंत तुरुंग होता, मग कैदी नव्या तुरुंगात नेले आणि 2008 ला म्युझियम. गजाआडच्या खोल्यांमध्ये काचेची कपाटं मांडलीत. आमच्या रूमीला आत गुदमरायला लागलं, ती बाहेर विहिरीपाशी बसून राहिली.

उगाच_एक

ते नाचणाऱ्या कैद्यांचा व्हिडिओ आलेला ना 2007 ला? तेच हे?

झिपरी_डॉक्टर

हो तेच, पण नाच नव्या तुरुंगातला

कौलारू

मी घरं बघत फिरणारा माणूस त्यामुळे राहवत नाही. पारियानमध्ये 1730 चं जेझुइट हाऊस आहे ते चुकवू नका, पण शोधून दमाल. कारण ते एका हार्डवेअरच्या गोदामाच्या आत आहे. खरंच आत. सळया, पत्रे, पाईप ह्यांच्यामधून चालत जायचं आणि अचानक समोर प्रवाळाच्या दगडाची भिंत. मूळचं जेझुइट पाद्र्यांचं घर. गोदामवाल्यांनी पाडलं नाही, उलट जपलं आणि लोकांना दाखवतात, हे मला जास्त भारी वाटलं. आत एका ठिकाणी साल कोरलंय 1730.

वरती कौलं नळीची! आमच्या आजोबांच्या घरावर होती तशी, मंगलोरी यायच्या आधीची. जवळच याप-सानदिएगोंचं घर, ते 1600 च्या शेवटाचं, त्यावरही तीच. चुन्यात अंड्याचा बलक का पांढरं काहीतरी घातलंय सांगतात, आपल्याकडे गूळ आणि बेलफळ सांगतात, प्रत्येक देशात गवंडी आपल्या किचनमधूनच सामान नेतो वाटतं.

पुण्यनगरी_पेठ

अंड्याचं पांढरं. बलक पिवळा असतो.

कौलारू

बरं.

मिरचीकोळंबी

मी म्युझियम वगैरे काही नाही, ताबोआन मार्केट! सुकी मासळी! दांगित म्हणजे चिरून पसरून वाळवलेला मासा, तळला की पापडासारखा कुरकुरीत. तीन किलो आणली. पाच प्लॅस्टिकच्या पिशव्या एकात एक. तरी मुंबई विमानतळावर बेल्टवर माझी बॅग यायच्या आधी वास आला. नवरा लांब जाऊन उभा राहिला, ओळख दाखवेना. घरी सासऱ्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले सुका बांगडा बरा. तीन किलो!!

दर्या_मालवणचा

सासऱ्यांचं बरोबर आहे.

नवखा_प्रवासी_नाशिक

मी मागच्या वर्षी गेलो. नॅशनल म्युझियम नवीन झालंय, 2023 ला उघडलं, बंदराजवळ जुनी कस्टमची इमारत 1910 ची. किल्ला समोरच, दोन्ही एका सकाळीत होतं. चर्चचा घंटेचा मनोरा 2013 च्या भूकंपात पडला होता तो परत बांधलाय, फोटोत कळणार पण नाही. सांतो निन्योची मूर्ती काचेआड, लाल झगा, एवढीशी. रांग दीड तास. मॅगेलनने सेबूच्या तेव्हाच्या राजा हुमाबोनच्या राणीला दिलेली ती, मग गाव जळालं तेव्हा 1565 ला एका स्पॅनिश शिपायाला झोपडीत सापडली. माझ्या पुढच्या आजी काचेला रुमाल लावून तोच रुमाल नातवाच्या डोक्यावर फिरवत होत्या. माझी आई देवळात पदराने हेच करते.

बाकी व्हिसाचं कोणी सांगेल का, मित्र जातोय

पुण्यनगरी_पेठ

व्हिसाचा वेगळा धागा काढा.

गोंयची_वयनी

ओसरीताई, सासूबाईंचा गुडघा बरा झाला का मग?

ओसरीवरून

कुठचा, ऑपरेशनच करावं लागलं शेवटी 😀 आता जिने चढतात, आणि श्रेय त्या सेबूच्या बाईला देतात, डॉक्टरला नाही. लेक चिडते.

मेणबत्ती फ्रीजमध्ये ठेवलीय सरळ होईल म्हणून.

झिपरी_डॉक्टर

काकू फ्रीजमध्ये नको, तुटेल! कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा आणि पोळपाटावर लाटा हलक्या हाताने.

ओसरीवरून

काढली बाहेर. पाणी ठेवलंय.