मदत हवी आहे: पीव्हीसी मिक्सिंगला डीओपी (प्लास्टिक मऊ करणारं तेल) हाताळतो, लघवीची तपासणी कधी करायची?

नमस्कार मंडळी, चार वर्षं झाली मी मिक्सिंगला आहे, म्हणजे रेझिन, फिलर आणि डीओपी हायस्पीड मिक्सरला टाकायचं आणि गरम झालं की कूलरमध्ये सोडायचं. झाकण उघडलं की सगळी वाफ तोंडावर. एक्झॉस्ट आहे, पण छताला, म्हणजे आधी माझं नाक आणि मग तो. ड्रमचा पंप गळतो त्यामुळे हात कायम तेलकट.

दीड वर्ष आम्ही बाळासाठी प्रयत्न करतोय आणि आता रिपोर्टमध्ये शुक्राणूंची हालचाल कमी आली. डॉक्टरांनी काम काय करता विचारलंच नाही, मीच ड्रमचं लेबल नीट वाचलं तेव्हा कळलं की डीओपी म्हणजेच डीईएचपी आणि प्रजननाला घातक. कंपनीची वार्षिक तपासणी नॉर्मल आहे, पण त्यात रक्त, एक्सरे, कान, संपलं. सुपरवायझर म्हणतो सलाईनच्या पिशवीत पण हेच असतं, तुलाच काय होतंय. लघवीत हे कळतं म्हणे, तर सुट्टीच्या दिवशी जाऊन देऊ का? आणि कापडी मास्क चालतो का?

प्रतिसाद:
भाऊ, सुट्टीच्या दिवशी नको, ते शरीरात साठून राहत नाही, एक-दोन दिवसांत बरंचसं लघवीतून निघून जातं, मग रिपोर्ट उगाच छान येईल. शिफ्टच्या आधी एक आणि शिफ्ट संपल्यावर एक असे दोन नमुने द्या. लॅबला आधीच सांगा की एमईएचपी (शरीरात डीईएचपी मोडून बनणारा पदार्थ) आणि त्याच्या पुढचे मेटाबोलाइट, म्हणजे तो अजून मोडून बनणारे पदार्थ, मोजायचेत, नुसतं डीईएचपी नको, ते डबीच्या प्लास्टिकमधूनही उतरतं. आकडा जास्त आला तरी हालचाल त्यानेच कमी झाली असं सिद्ध होत नाही हां, व्हेरिकोसील (अंडकोषाजवळच्या शिरा फुगणं) वगैरे डॉक्टरांकडून बघून घ्याच. कापडी मास्क वाफेला काही करत नाही, रबरी मास्कला ऑरगॅनिक व्हेपरचं (रसायनांच्या वाफेसाठीचं) कार्ट्रिज आणि सोबत धुळीचा फिल्टर लागतो. पण खरा इलाज मिक्सरच्या तोंडाशीच वाफ ओढणारा हूड आणि पंप दुरुस्त. कातडीतून ते कमी शिरतं, पण त्याच हाताने डबा खाल्ला की झालंच. एक्सपोजर कमी केल्यावर तीन महिन्यांनी वीर्य परत तपासा, शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात.

धागाकर्ता:
धन्यवाद! डबा तर मी मिक्सरशेजारीच उघडतो. अजून एक, कामाचे कपडे घरी बायकोच्या कपड्यांसोबतच धुतले जातात, ते वेगळे करू ना?