रणांगणची शेवटची पानंच गायब, आणि एवढ्यात वाचलेली बारीक पुस्तकं

बदलापूरकर:
मंडळी, मी काही मोठा वाचक वगैरे नाही, कॉलेज सुटल्यापासून पुस्तकाला हात लावला नव्हता. पण रोज बदलापूर ते भायखळा मोबाईल बघून बघून डोळे चुरचुरायला लागले म्हणून ठरवलं की पुस्तक न्यायचं, अट एकच, एका हातात मावलं पाहिजे कारण दुसरा हात वरच्या कडीला असतो. त्यामुळे सगळी बारीक पुस्तकं.

पहिली बनगरवाडी. पालेकरांचा पिक्चर अर्धवट बघितलेला, म्हटलं बघू. शेकूकडे बैल एकच, दुसरा कुठून आणणार, तर त्याची बायको दुसऱ्या बाजूने जुवाला खांदा लावते, आणि माडगूळकर त्यावर ना रडतात ना आपल्याला रडा म्हणतात. ठाणं कधी गेलं कळलंच नाही राव.

मग एका कोळियाने. पुलंचं नाव बघून उचललं ही माझीच चूक, चाळीसेक पानं मी हसायची वाट बघतोय. म्हाताऱ्याला ८४ दिवस मासा नाही, मग मासा लागतो, मग तो दोर धरून बसतो, बसतो, बसतोच. मी झोपलो. शिव्या घाला पण खरं ते सांगतो.

आता मेन प्रॉब्लेम. रणांगण रस्त्यावरून जुनं घेतलं ४० रुपयांना, आणि हे मात्र असलं चढलं की दोन दिवस ऑफिसातपण तेच डोक्यात. युरोपातून मुंबईला येणारी बोट, त्यात हिटलरमुळे पळालेले ज्यू, आणि हा चक्रधर आणि ती हॅर्टा. बोट मुंबईला लागते, हा उतरतो, तिला उतरू देत नाहीत, थोडं पुढे गेलो, पान उलटलं तर थेट मागचा पुठ्ठा!! शेवटची पानंच नाहीत, शिलाईचा दोरा लोंबतोय. पुढे काय होतं कोणी सांगेल का? आणि अशी अजून बारीक पुस्तकं सुचवा.

पुस्तकपिसाट:
अजिबात सांगणार नाही आणि बाकीच्यांनीपण सांगू नका प्लीज. नवीन प्रत घ्या, दीडशे-दोनशे पानांचं तर पुस्तक आहे. बनगरवाडी आवडली तर सत्तांतर वाचा, माडगूळकरांचंच, १९८२ चं, त्याहून बारीक. सगळी पात्रं वानरं. टोळीवर नवा नर ताबा मिळवतो आणि मग पिल्लांचं जे होतं ते वाचताना मी डबा बंद करून ठेवला होता. साहित्य अकादमी पण मिळालाय त्याला.

नाक्यावरचा:
पुस्तक १९३९ चं आहे ओ, आता कसला स्पॉयलर 😄

गरवणारा:
मालवणकडचा आहे, त्यामुळे कोळियानेबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. बसतो बसतो म्हणता पण कधी गरी टाकून बसलायत का? आम्ही पोरं पावसाआधी खडपावर गरवायला जायचो, किलोभराचा मासा लागला तरी नायलॉनचा दोर बोटाच्या पेरात असा घुसतो की दोन दिवस भात कालवता येत नाही, मीठ लागलं की ब्रह्मांड आठवतं. इथे म्हाताऱ्याने होडीपेक्षा लांब माशाचा दोर पाठीवरून घेतलाय, मध्येच डाव्या हाताला पेटका येतो, तर तो हाताशीच बोलतो, त्याच्यासाठी म्हणून कच्चा मासा खातो. तिथे काही घडत नाही म्हणजे काय? आता पुलंचा विनोद शोधायला गेलात तर तो नाहीच मिळणार, पुस्तक मूळ हेमिंग्वेचं आहे, पुलंनी फक्त मराठीत आणलंय. मला वाटतं पुलंनी त्यात स्वतःला मागे ठेवलं हेच भारी. तुमची झोप मात्र समजू शकतो, सकाळची बदलापूर लोकल म्हणजे.

निवृत्त_मास्तरीण:
बदलापूरकर, तुम्ही आवडलं-नावडलं सरळ लिहिलंत हे बरं केलंत, इथे लोक न वाचता मान डोलावतात. रणांगण लिहिणाऱ्या विश्राम बेडेकरांची कादंबरी ही एवढीच, पण वाचायचं असेल तर त्यांच्या घरातलंच दुसरं वाचा. त्यांच्या पत्नी मालतीबाई म्हणजेच विभावरी शिरूरकर. १९३३ मध्ये कळ्यांचे निःश्वास आलं तेव्हा टोपणनावामागे कोण बाई आहे म्हणून केवढा गदारोळ झाला होता. आज त्यातल्या काही कथा मला जुनाट वाटतात, उगाच कौतुक करणार नाही. पण बळी घ्या, १९५० चं. इंग्रजांनी कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची वसाहत, भोवती काटेरी तार, आत माणसं हजेरी देत जगतायत. मी डीएडच्या वर्षी वाचलं, रणांगणपेक्षा मला तेच जास्त लागलं. हे मत पटणार नाही बऱ्याच जणांना, माहितीय.

पुस्तकपिसाट:
बळीचं नावच ऐकलं नव्हतं, लिस्टमध्ये टाकलं. पण रणांगणपेक्षा जास्त? वाचून भांडायला येते.

बदलापूरकर:
सगळ्यांना थँक्स. अपडेट देतो. शनिवारी आमच्या इथल्या वाचनालयात गेलो, रणांगण मिळालं, कपाटापाशी उभ्यानेच उरलेली पानं वाचून काढली. बाईंनी विचारलं घेणार का, म्हटलं नको, झालं वाचून. जिना उतरून स्कूटरपर्यंत आलो, किल्ली लावली, परत वर गेलो आणि घेऊन आलो. शेवट सांगत नाही, नाक्यावरचा यांनी पण सांगू नये.

गरवणारा भाऊ, रात्री तुमचा पेटक्याचा भाग परत काढून वाचला. ते पान मी आधी वाचलेलंच नव्हतं बहुतेक, डोंबिवलीच्या आसपास डुलकी लागली असणार. एवढा भाग जबरी आहे. बाकीचं अजून बोअरच वाटतंय, सॉरी.

मॅडम, बळी त्यांच्या रजिस्टरमध्ये आहे पण कपाटात नाही, कोणीतरी नेलं ते आणलंच नाही म्हणे. कल्याण-बदलापूर पट्ट्यात कोणाकडे आहे का? एका हातात मावतं ना ते?