ऑटिस्टिक लोकांचं संभाषण अभ्यासायचं तर डेटा नक्की कशाचा घ्यायचा?

निशाचर:
एमए लिंग्विस्टिक्स चालूय, प्रोजेक्टसाठी ऑटिस्टिक मोठ्या माणसांचं बोलणं घेतलंय. मॅडम म्हणतात टेस्ट द्या, टोमणे, आडून बोललेलं किती कळतं ते मोजा आणि कंट्रोल ग्रुपशी (म्हणजे ऑटिस्टिक नसलेल्यांशी) तुलना करा. पण जसजसं वाचतेय तसतसं वाटतंय उत्तर आधीच ठरलेलंय, स्कोअर कमी येणार आणि आपण 'कमतरता' लिहून मोकळे. दुसरं काय करता येईल?

चकवा:
संशोधक डेमियन मिल्टनचा २०१२ चा डबल एम्पथीवरचा (समजून घेण्यातली दुहेरी अडचण) लेख वाचा आधी. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत, आणि मुद्दा साधा आहे, गैरसमज दोघांच्या मध्ये होतो मग खापर एकाच्याच डोक्यावर का? नंतर क्रॉम्प्टन वगैरेंनी २०२० ला कानगोष्टींसारखा प्रयोग केला, ८-८ जणांची साखळी. सगळे ऑटिस्टिक असले तरी गोष्ट ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळीइतकीच पोचली, दोन्ही प्रकारच्या लोकांच्या मिश्र साखळीत जास्त गळली.

खडूस_काका:
लगेच हुरळू नका हो. हाच प्रयोग ३११ जणांवर केला, २०२५ ला छापून आला, त्यात मिश्र साखळीसुद्धा मागे पडली नाही. अर्थात ऑटिस्टिक साखळ्या कमी पडल्या नाहीत हे दोन्ही वेळा दिसलंच.

रिकामटेकडी:
मी ऑटिस्टिक आहे म्हणून सांगते, टेस्टच्या खोलीत मी जशी बोलते तशी कुठेच बोलत नाही. मैत्रिणीशी (तीही ऑटिस्टिक) तासन्‌तास एकाच विषयावर चालतं, कोणी 'बाकी काय' विचारत नाही, स्वर्ग! आणि प्लीज, समोरच्याचं वाक्य तसंच परत म्हणणं म्हणजे 'चूक' असा कॉलम करू नका. प्रिझंट आणि डकननी १९८१ लाच दाखवलंय की ऑटिस्टिक मुलं त्यातून हो म्हणतात, आपली पाळी घेतात.

चकवा:
+१. अजून एक, नुसत्या ट्रान्सक्रिप्टवर (लिहून काढलेल्या बोलण्यावर) भागवू नका. सॅसन आणि मंडळींच्या २०१७ च्या पेपरात ऑडिओ-व्हिडिओ बघून लोकांनी ऑटिस्टिक व्यक्तींबद्दल काही सेकंदांतच वाईट मत बनवलं, पण तेच बोलणं फक्त लिहून दिलं तर फरकच उरला नाही. म्हणजे शब्दांत गडबड नव्हती, सूर, चेहरा यावरून लोक ठरवत होते. तुम्ही फक्त शब्द घेतलेत तर हे सगळं हातातून निसटणार.

निशाचर:
मग जोड्या लावू का, दोघं ऑटिस्टिक, दोघं नसलेले, एकेक मिश्र? आणि टेस्टऐवजी गप्पाच रेकॉर्ड करायच्या?

खडूस_काका:
हो, पण ओळखीचे आणि अनोळखी एकत्र करू नका, नाहीतर फरक ऑटिझमचा की ओळखीचा ते कळणार नाही.

रिकामटेकडी:
आणि कोणाला टाइप करून बोलायचं असेल तर तेही चालू द्या.