मदत हवी आहे : खालच्या मीटरपासून वरच्या मजल्यावर केबल कुठून न्यावी?

मंडळी, घर चिपळूणजवळ. मीटर आणि मेन स्विच खाली पडवीत. यंदा वर दोन खोल्या चढवल्या, पण स्लॅब टाकताना वायरिंगचा पाइप सोडायचं राहूनच गेलं. (मी स्वतः तिथे उभा होतो, त्यामुळे कुणाला बोलायची सोय नाही.)

वर दीड टनाचा एसी, 2 किलोवॅटचा गिझर, पंखे-दिवे. सिंगल फेज. एकटा गिझरच जवळपास 9 अँपिअर घेणार. वायरमन म्हणतो, 2.5 स्क्वेअरची (चौरस मिमी छेदाची) वायर पावसाच्या पाण्याच्या पाइपाला बांधून बाहेरून वर घेऊ, "काय होत नाय!" मला नाही पटत. आमच्याकडे पाऊस आडवा येतो, आणि त्याच पाइपावरून माकडं चढतात.

माझ्या डोक्यात असं आहे : जिन्याच्या कोपऱ्यात स्लॅबला कोअर कटिंग (यंत्राने गोल भोक), त्यातून पीव्हीसी पाइप, आत 6 स्क्वेअर तांब्याच्या फेज-न्यूट्रल वायरी आणि सोबत हिरवी अर्थिंग. खाली 32 अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच), वर वेगळा डीबी (स्विचांची वाटप-पेटी) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). मंजूर भार वाढवायचा अर्ज करतोच आहे.

अडलंय ते भोकापाशी. सळई कापली गेली तर? आधी सळई शोधायचं यंत्र रत्नागिरीकडे भाड्याने मिळतं का? की भिंतीतून बाहेर काढून जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपातून नेणं बरं? तसं केलं तर त्या पाइपालाही अर्थिंग लागेल ना?

गणपतीआधी काम उरकायचंय. कुणी केलं असेल तर फोटो टाका.