महागाई, भाववाढ, चलनफुगवटा: कुठे कोणता शब्द?

सुरसागर
वडोदऱ्यातल्या मराठी वाचकांसाठी सरकारी खर्च आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांवर एक टिपण तयार होत आहे. त्यात ‘महागाई’, ‘भाववाढ’, ‘चलनवाढ’ आणि ‘चलनफुगवटा’ हे चारही शब्द एकाच अर्थाने आले आहेत. इथल्या गुजराती वर्तमानपत्रांत ‘मोंघवारी’ आणि ‘फुगावो’ हे दोन शब्द वेगळे चालतात. मराठीतही तसा फरक करायचा का?

मांडवी
करायलाच हवा. शब्द सरमिसळ झाले की जबाबदारीही सरमिसळ होते.

भाववाढ एका वस्तूचीही होते. जुलै 2023 मध्ये टोमॅटो कडाडले आणि किरकोळ महागाईचा दर 7.44 टक्क्यांवर गेला. ती पाऊस आणि पुरवठा यांतून आलेली भाववाढ. लोकांचे जास्त पैसे टोमॅटोवर गेले तर दुसऱ्या कशासाठी तरी कमी उरतात. हातातला एकूण पैसा वाढला नसेल, तर सगळेच भाव वर्षानुवर्षे एकदम चढत राहत नाहीत. ते चढत राहतात तेव्हा मालाच्या मानाने पैसा जास्त झालेला असतो. त्याला चलनफुगवटा म्हणा. आणि महागाई म्हणजे या सगळ्याची गिऱ्हाइकाला लागलेली झळ.

‘चलनवाढ’ शक्यतो टाळा. अक्षरशः पाहिले तर पैशाच्या साठ्याची वाढ, पण बातम्यांत तो भाव वाढण्याच्या दरासाठी वापरतात. साठ्याबद्दल लिहायचे असेल तिथे सरळ ‘पैशाचा पुरवठा’ लिहा.

‘व्यापाऱ्यांनी महागाई केली’ हे वाक्य टिपणात असेल तर काढून टाका. साठेबाजीने एखाद्या मालाचा भाव काही काळ चढतो. रुपयाचीच किंमत उतरवणे कोणत्याही व्यापाऱ्याच्या हातात नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1963 मध्ये मुंबईतल्या व्याख्यानांत हेच मांडले होते: चलनफुगवटा कुठेही, केव्हाही मुळात पैशाचीच गोष्ट असते.

रावपुरा
मांडवी, तुमच्याशी सहमत, पण ‘सरकार नोटा छापते’ असे ढोबळ लिहू नका. जाणता वाचक तिथेच अडवेल. 1997 पर्यंत केंद्र सरकार तदर्थ ट्रेझरी बिले, म्हणजे अल्पमुदतीच्या उसनवारीचे कागद, रिझर्व्ह बँकेकडे देऊन लागेल तेवढा पैसा उचलत असे. ती पद्धत त्या वर्षी बंद झाली. 2003 च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने 1 एप्रिल 2006 पासून, काही अपवाद वगळता, रिझर्व्ह बँकेने सरकारचे कर्जरोखे थेट सरकारकडून घेणेही थांबले. आता रोखे आधी बँका आणि विमा कंपन्या घेतात, मग रिझर्व्ह बँक ते खुल्या बाजारातून विकत घेऊ शकते. 2021-22 च्या पहिल्या दोन तिमाहींसाठी तिने अशा खरेदीचे आकडे आधीच जाहीर केले होते: 1 लाख कोटी आणि 1.2 लाख कोटी रुपये. दार बदलले आहे, पण पैसा नवाच येतो.

म्हणून ‘तुटीचा अर्थभरणा’ हा शब्द जपून वापरा. जुन्या लिखाणात त्याचा अर्थ मुख्यतः रिझर्व्ह बँकेच्या नव्या पैशातून तूट भरणे असा आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत सरकारी क्षेत्राच्या 4,800 कोटींपैकी 1,200 कोटी असेच उभे करायचे होते. अहमदाबादला शिकवणारे प्रा. बी. आर. शेणॉय यांनी 1955 मध्ये अर्थतज्ज्ञांच्या मंडळात एकट्याने भिन्नमतपत्रिका दिली ती यावरच. आजची राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज सोडून आलेल्या उत्पन्नापेक्षा जास्त झालेला सरकारी खर्च, मात्र बहुतांश बाजारातल्या कर्जाने भरली जाते. दोन्हींना एकच शब्द लावला तर शेणॉय कशाला विरोध करत होते तेच कळणार नाही.

जाता जाता: गुजरातीत ‘खाध’, हिंदीत ‘घाटा’, मराठीत सरकारची ‘तूट’ आणि धंद्याचा ‘तोटा’. ‘राजकोषीय घाटा’ हिंदीतून शिरतो, तो नको.

न्यायमंदिर
दराचा घोळही निस्तरा. 100 रुपयांची वस्तू 6 टक्क्यांनी 106 झाली, पुढच्या वर्षी 2 टक्क्यांनी 108.12. अशा वेळी ‘महागाई घटली’ असा मथळा येतो. घटला तो वेग. भाव तर चढलाच. ‘महागाईचा दर उतरला’ असे लिहा. भाव खरोखर खाली आले तरच ‘भाव घसरले’.

‘भावस्थैर्य’ या शब्दापाशी तर जरूर थांबा. रिझर्व्ह बँक कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनंतर बँकेला दिलेले महागाईच्या दराचे लक्ष्य 4 टक्के, वरखाली 2 टक्के. भाव किती वर्षांत दुप्पट होतील हे ढोबळ काढायला 72 ला दराने, म्हणजे 4 ने, भागा: लक्ष्य तंतोतंत पाळले तरी सुमारे 18 वर्षांत भाव दुप्पट होतात. याला स्थैर्य म्हणणे बचत करणाऱ्यावर अन्याय आहे. सलग तीन तिमाह्या दर 2 ते 6 टक्क्यांच्या पट्ट्याबाहेर राहिला तर बँकेने सरकारला कारणे कळवायची असतात. 2022 मध्ये ती वेळ आली, अहवाल गेला, पण तो जनतेसमोर ठेवला नाही. ज्यांच्या खिशातून गेले त्यांनाच उत्तर मिळाले नाही.

सुरसागर
चलनफुगवट्यासाठी ‘छुपा कर’ हा शब्द मग योग्य ठरतो का? की तो प्रचारकी वाटेल?

न्यायमंदिर
योग्य आहे, पण हिशेब दाखवूनच वापरा. ठेवीवर 7 टक्के व्याज, ठेवीदार 30 टक्क्यांच्या टप्प्यात, उपकर धरून 31.2 टक्के कर. हातात 4.82 टक्के. महागाईचा दर 5 टक्के असेल तर मुद्दल झिजले, आणि जे व्याज खऱ्या अर्थाने मिळालेच नाही त्यावर करही गेला.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. एका भागीदारी पेढीने 2001-02 मध्ये 10 लाखांना घेतलेला प्लॉट ऑगस्ट 2024 मध्ये 36.3 लाखांना विकला असे धरा. करखात्याचा महागाई निर्देशांक 2001-02 ला 100, 2024-25 ला 363. म्हणजे सरकारच्याच मोजपट्टीने खरा नफा शून्य. पण 23 जुलै 2024 पासून निर्देशांकानुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याची सोय गेली, म्हणून 26.3 लाखांच्या दर्शनी नफ्यावर 12.5 टक्के, म्हणजे 3,28,750 रुपये कर, शिवाय उपकर. त्या तारखेआधी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी जुन्या पद्धतीने हिशेब करून कमी कर भरण्याची सवलत निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांनाच आहे, पेढीला नाही. ‘दर्शनी नफा’ आणि ‘खरा नफा’ ही जोडी टिपणात हवीच.

मांडवी
‘बट्टा’, म्हणजे नाणे बदलताना होणारी कपात, हा जुना शब्दही घ्या. बडोदा संस्थानचे स्वतःचे बाबाशाही रुपये ब्रिटिश रुपयात बदलताना बट्टा लागे, आणि तो किती हे सराफ तोंडावर सांगे. गिऱ्हाईक नको म्हणून उठूही शकत असे. चलनफुगवट्यात बट्टा लागतो तो न विचारता, आणि उठून जायला दुसरे दुकान नसते. व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा इथे आहे. कर वाढवायला संसदेत विधेयक आणावे लागते, त्यावर बोलता येते, मत देता येते. रुपया पातळ करायला यातले काहीच लागत नाही.

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी 1923 मध्ये रुपयावर लिहिताना हाच धोका ओळखला होता. चलन किती काढायचे हे राज्यकर्त्यांच्या मर्जीवर राहू नये, त्याला पक्की मर्यादा असावी, असे त्यांचे मत होते. वडोदऱ्यातल्या टिपणात हा उल्लेख राहून जाऊ नये.

रावपुरा
आणि ‘सरकारने अनुदान दिले’ याऐवजी ‘करदात्यांच्या पैशातून’ किंवा ‘कर्ज काढून’, जे असेल ते लिहा. प्रत्येक वाक्यात नको. आकडा येईल तिथे पुरे.

सुरसागर
पहिला परिच्छेद असा बदलला आहे: ‘पैशाचा पुरवठा मालापेक्षा वेगाने वाढला की चलनफुगवटा होतो, त्यातून सर्वसाधारण भाववाढ होते, तिची झळ म्हणजे महागाई.’ चालेल?

मांडवी
चालेल. फक्त ‘होते’ च्या आधी ‘काही काळाने’ घाला. पैसा आणि भाव यांच्यात बरेच महिने जातात, आणि तेवढ्यात दोष दुसऱ्याच्या माथी मारला जातो.